खाडा: आजारपणाच्या रजेचा तीनशे वर्षांचा हिशेब



माझ्या दवाखान्यात दिवसातून तीन-चार वेळा तरी एक वाक्य ऐकू येतं, "डॉक्टर, तेवढं सर्टिफिकेट द्या ना." ताप उतरलेला असतो, कंबर थोडी मोकळी झालेली असते, पण कामावर दाखवायला कागद हवा असतो. तो लिहायला मला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात मी एखाद्याची मजुरी आणि कधीकधी नोकरीसुद्धा ठरवत असतो, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

एमबीबीएस झाल्यावर काही महिने मी एका सूतगिरणीच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, बसत असे. तिथे कार्डिंग खात्यात चाळिशीचा एक कामगार होता. शिक्षण चौथीपर्यंत. दर सोमवारी दुपारपर्यंत हा माणूस पाळी अर्धी टाकून घरी जायचा. मॅनेजर मला म्हणाले, "रविवारची उतरलेली नसते, दुसरं काय? तुम्ही तपासून फिट लिहा, म्हणजे आम्हाला कारवाई करता येईल." कामगार सांगत होता, "साहेब, सोमवारी छाती आवळल्यासारखी होते. मंगळवारपासून बरं वाटतं." मी बुधवारी तपासलं. छाती साफ होती. मी "कामास योग्य" असं लिहून सही केली.

त्याची छाती सोमवारीच का आवळायची, याचं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात होतं. ते मी वाचलेलंही होतं. पण त्या दिवशी मी पुस्तकापेक्षा मॅनेजरवर विश्वास ठेवला. ते उत्तर या लेखात पुढे येईलच. त्याआधी एक मोठा प्रश्न बघू. एकाच कारखान्यात किंवा एकाच ऑफिसात काही लोक वर्षाला दोन दिवस आजारी पडतात आणि काही वीस दिवस. काहींना साठीपर्यंत काम झेपतं, काही पंचेचाळिशीतच कायमचे घरी बसतात. असं का? आळस, दारू, नशीब ही सोपी उत्तरं आपल्या सगळ्यांच्या जिभेवर असतात. इतिहास काय सांगतो ते पाहू.

"तुम्ही काम काय करता?"

सतराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या मोडेना गावात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या घरचा मैल्याचा हौद उपसायला एक मजूर आला होता. तो अगदी जीव तोडून घाई करत होता. रामाझ्झिनींनी त्याला विचारलं, "बाबा, जरा दमानं का करत नाहीस?" मजूर म्हणाला की या जागेत चार तासांपेक्षा जास्त राहिलं तर माणूस आंधळा व्हायची वेळ येते. तो वर आल्यावर डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले. ते लाल झाले होते आणि नजर मंद झाली होती. मग त्यांच्या लक्षात आलं की हेच काम करून दृष्टी गेलेली माणसं गावात भीक मागताना दिसतात.

तिथून ते कामकऱ्यांच्या मागेच लागले. खाणकामगार, कुंभार, धोबिणी, सुतार, विणकर अशा सगळ्यांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांनी पाहिलं आणि १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ छापला. त्याच्या १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत कारकुनांवरही प्रकरण आहे: दिवसभर बसून राहणं, एकच हात सतत चालवणं आणि मनावरचा ताण. आज संगणकावर बसणाऱ्यांच्या तक्रारी याहून फार वेगळ्या नाहीत. रामाझ्झिनींनी डॉक्टरांना सांगितलं की रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत आणखी एक घाला, "तुमचा धंदा काय?"

तीनशे वर्षं झाली. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला हा प्रश्न शेवटचा कधी विचारला होता, आठवतंय का?

मँचेस्टरचा साहेब आणि रटलंडचा मजूर

पुढे इंग्लंडात गिरण्या आल्या. १८४२ साली एडविन चॅडविक यांनी कष्टकऱ्यांच्या आरोग्यावर एक अहवाल दिला. त्यातले आकडे आजही अंगावर येतात. मँचेस्टर शहरात वरच्या वर्गातल्या कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय ३८ होतं, व्यापाऱ्यांत २० आणि मजुरांत फक्त १७. रटलंड या शेतीच्या भागात हेच आकडे ५२, ४१ आणि ३८ होते.

१७ ही सरासरी आहे, हे लक्षात घ्या. मजुरांची खूप मुलं पाच वर्षांच्या आत दगावत, म्हणून ती इतकी खाली जाते. पण दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. माणूस कुठे राहतो यानं फरक पडतो, आणि कोणतं काम करतो यानंही. मँचेस्टरच्या साहेबाची सरासरी रटलंडच्या मजुराइतकीच होती! शिवाय हा फरक "श्रीमंत विरुद्ध गरीब" एवढाच नव्हता. मधला व्यापारी मधेच होता. ही जिन्यासारखी उतरण लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

पगारी आजारपण आलं, आणि संशयही आला

तोपर्यंत आजारी पडलेल्या मजुराचा खाडा म्हणजे मजुरी बुडाली. १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्क यांच्या सरकारनं कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. आजारी कामगाराला तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरी, जास्तीत जास्त तेरा आठवडे. १८८४ मध्ये कामावरच्या अपघातांचा विमा आला आणि १८८९ मध्ये म्हातारपण व काम करण्याची क्षमता गेलेल्यांसाठी पेन्शन. हे दयेपोटी झालं असं समजू नका. समाजवाद्यांचा वाढता जोर रोखणं हा त्यामागचा उघड हेतू होता. पण "आजारी पडणं हा गुन्हा नाही" हे पहिल्यांदा कायद्यात आलं.

ब्रिटननं १९११ मध्ये तसाच कायदा केला. आजारी पुरुषाला आठवड्याला दहा शिलिंग, बाईला साडेसात, आणि ते सव्वीस आठवड्यांपर्यंत. पैसे मिळायचे ते डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर. म्हणजे डॉक्टरच्या एका हातात स्टेथोस्कोप होताच, दुसऱ्या हातात आता तिजोरीची किल्ली आली. लगेच प्रश्न उभा राहिला की हा खरंच आजारी आहे की सोंग करतोय? १९१३ मध्ये सर जॉन कॉली या डॉक्टरांचं सोंगाड्या रुग्णांना कसं पकडायचं यावर अख्खं पुस्तक आलं.

त्याच काळात असं दिसलं की कामकरी बायकांची आजारपणं हिशेबनिसांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त आहेत. चौकशी समिती नेमली गेली. समितीवर मेरी मॅकआर्थर या कामगार संघटक होत्या. त्यांचं म्हणणं असं की या बायका खोटं बोलत नाहीत. तुटपुंजी मजुरी, अपुरं अन्न, बाळंतपणं आणि दिवसभराचे कष्ट यांनी त्या खरोखरच आजारी आहेत. विमा आल्यामुळे आजार वाढले नव्हते, आधी लपलेले आजार आता वहीत दिसू लागले होते.

व्हाइटहॉलचा धक्का

आता तुम्ही म्हणाल, धूळ, ओझं, उपासमार असेल तर माणूस आजारी पडणारच. त्यात नवल काय? नवल पुढे आहे.

१९६७ मध्ये लंडनमध्ये सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. सरकारी कार्यालयांच्या रस्त्यावरून त्याचं नाव पडलं व्हाइटहॉल अभ्यास. त्यात सुमारे १८,००० पुरुष होते. तेव्हा सगळ्यांचा समज असा की हार्ट अटॅक हा साहेबांचा आजार, कारण जबाबदारीचा ताण त्यांनाच असतो. जेफ्री रोझ, मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसात वर्षांचे मृत्यू मोजले. निष्कर्ष उलटा निघाला. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या शिपाई वगैरे लोकांत हृदयविकारानं होणारे मृत्यू सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या ३.६ पट होते. आणि मधल्या श्रेणी मधेच होत्या. तोच जिना! बिडी-सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग उरतच होता.

१९८५ ते १९८८ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला. या वेळी १०,३०८ कर्मचारी होते आणि त्यात स्त्रियाही होत्या. आजारपणाच्या रजा इथे नीट मोजल्या गेल्या. १९९३ मध्ये आलेला निष्कर्ष असा: सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तुलनेत सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांच्या आजारपणाच्या रजा सुमारे सहा पट होत्या. स्त्रियांत हा फरक सुमारे तीन ते चार पट होता.

जरा थांबून विचार करा. हे सगळे ऑफिसात बसणारे लोक. कुणाच्या डोक्यावर पोतं नाही, कुणाच्या नाकात धूळ नाही. सगळ्यांना पगारी रजा आणि सगळ्यांना सरकारी दवाखान्याची मोफत सोय. तरीही सहा पट!

मग हे खालचे लोक कामचुकार होते का? हाही प्रश्न तपासला गेला. २००३ मध्ये याच अभ्यासातून असं दिसलं की ज्या पुरुषांनी दहा वर्षांत सात दिवसांपेक्षा मोठ्या पाचाहून जास्त आजारी रजा घेतल्या होत्या, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अशी एकही रजा न घेतलेल्यांच्या ४.८ पट होतं. सोंग करणारे इतक्या प्रमाणात मरत नाहीत. लांबलेली आजारी रजा ही शरीरानं दिलेली नोटीस असते.

यात शाळा कुठे आली?

पुस्तकं वाचून हाडं मजबूत होत नाहीत. पण शाळा ठरवते की कोणत्या दारातून तुम्ही कामाच्या जगात शिराल.

माझ्या दवाखान्यातलंच उदाहरण सांगतो. दोघांना कमरेच्या गादीचा त्रास, एमआरआय जवळजवळ सारखाच. एक बँकेतले अधिकारी, दुसरा मार्केट यार्डातला हमाल, सातवीतून शाळा सुटलेला. मी दोघांनाही सांगितलं, "तीन आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही." अधिकाऱ्यांनी खुर्चीला उशी लावली, तासातासानं उठायला सुरुवात केली आणि चौथ्या दिवशी कामावर गेले. हमालाच्या कामात वजन उचलण्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. त्याच्यासाठी "हलकं काम" या शब्दाला अर्थच नाही. तो आठ दिवस घरी बसला, उसने पैसे संपले, पुन्हा पोती उचलायला लागला. वर्षभरात त्याचं काम कायमचं सुटलं.

आजार एकच होता. एकासाठी ती चार दिवसांची रजा ठरली, दुसऱ्यासाठी अपंगत्व. माणूस कामाला अपात्र ठरतो तो नुसत्या आजारानं नाही. त्याला दुसरं कोणतं काम करता येतं, यावरही ते ठरतं. इथे शिक्षण उपयोगी पडतं. लिहिता-वाचता येणाऱ्याला गोदामातून नोंदवहीवर बसवता येतं.

दुसरी गोष्ट ताब्याची. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरसेक या संशोधकांनी मांडलं की ताण नुसता जास्त कामानं येत नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं हे ठरवायची मुभा मात्र नाही, ही जोडी घातक असते. साहेबाला काम जास्त असतं, पण चहाला कधी उठायचं हे तो ठरवतो. खालच्या माणसाचा मिनिटामिनिटाचा ताबा दुसऱ्याकडे असतो. व्हाइटहॉलच्या दुसऱ्या अभ्यासात असा ताबा नसलेल्यांत हृदयविकार जास्त आढळला. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत प्रत्येकाच्या रजेची आणि अपंगत्वाच्या पेन्शनची नोंद असते. तिथेही तेच दिसतं. शिक्षण जितकं कमी तितकी अपंगत्वाची पेन्शन जास्त, आणि या फरकाचा बराचसा भाग कामाच्या स्वरूपातून येतो. बराचसा, सगळा नाही. लहानपणचं आजारपण आणि गरिबी शाळाही हिरावते आणि तब्येतही. ती गाठ उलट्या बाजूनंही बसते.

गिरणगाव

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. साप्ताहिक सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावं लागलं, तेही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर. तोपर्यंत विश्रांती म्हणजे सणवार किंवा खाडा.

खाडा केला की जागी बदली कामगार उभा. पहाटे गिरणीच्या दारात बदल्यांची गर्दी असे आणि कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवी. आजारी पडलेल्याला मजुरी तर नाहीच, वर जागा जाण्याची भीती. आणि त्या बदलीची चूल पेटायची ती दुसऱ्याच्या आजारपणावर.

कोणी कोणत्या खात्यात जायचं हे तरी कौशल्यावर ठरत होतं का? विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. एवढ्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिलं जात नसे. त्यांच्या वाट्याला कमी पगाराचं रिंग खातं येई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. शाळेचं दार बंद, मग चांगल्या खात्याचंही दार बंद, आणि मग त्याचा हिशेब शरीरानं चुकवायचा.

आता माझ्या सोमवारच्या कामगाराकडे येतो. कापूस पिंजताना, कार्डिंग करताना बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षं ती छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्या दिवशी काही तासांत छाती आवळते, आणि आठवडा पुढे सरकतो तशी सैल होते. म्हणून त्याला सोमवारचा आजार म्हणतात. काही वर्षांनी तो त्रास आठवडाभर राहू लागतो आणि फुफ्फुसं कायमची निकामी होत जातात. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी गिरणी कामगारांमध्ये याचा अभ्यास केला आहे. माझ्या रुग्णानं मला पाठ्यपुस्तकातलं लक्षण शब्दशः सांगितलं होतं. मी त्याला बेवडा ठरवणाऱ्या कागदावर सही केली. बुधवारी छाती साफ असणारच होती.

आजारी कामगाराला पगार मिळावा यासाठी १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना योजना आखायला सांगितलं गेलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत राज्य कामगार विमा योजना, म्हणजे आपलं ईएसआय, सुरू झालं.

खाडा न करणारे

मग कधीच रजा न घेणारा माणूस सगळ्यात निरोगी का? व्हाइटहॉलच्या अभ्यासानं यावरही २००५ मध्ये उत्तर दिलं. तब्येत खराब असूनही एकही आजारी रजा न घेतलेल्या पुरुषांत गंभीर हार्ट अटॅकचं प्रमाण, तशीच तब्येत असून मधूनमधून रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट होतं.

तिथे हे लोक निदान मोजले तरी गेले. आपल्याकडे बहुसंख्य लोक रोजंदारीवर, कंत्राटावर किंवा स्वतःच्या हातगाडीवर काम करतात. त्यांची आजारी रजा शून्य दिसते. ती शून्य तब्येतीमुळे नाही, नाइलाजामुळे आहे. घरकाम करणाऱ्या ताई ताप अंगावर काढून चार घरची भांडी घासतात, त्यांचा खाडा कुठल्याच वहीत नसतो.

तुम्ही काय करू शकता?

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुमचं काम सविस्तर सांगा. "कंपनीत आहे" एवढं पुरत नाही. किती वजन उचलता, किती तास उभे राहता, धूळ, धूर, रसायन आहे का, रात्रपाळी आहे का, तेही सांगा.

त्रास कोणत्या दिवशी, किती वाजता वाढतो आणि सुट्टीत कमी होतो का, हे दोन-तीन आठवडे लिहून ठेवा. कामामुळे होणारा आजार ओळखायला याहून स्वस्त तपासणी नाही.

सर्टिफिकेटवर नुसतं "हलकं काम" लिहून घेऊ नका. "दहा किलोपेक्षा जास्त वजन नको, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहणं नको, चार आठवडे" असं तुमच्या आजाराप्रमाणे स्पष्ट लिहून मागा.

पगारातून ईएसआय कापलं जात असेल तर ते नुसत्या औषधांसाठी नसतं. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कॅन्सर यांसारख्या काही दीर्घ आजारांत त्याहून जास्त काळ, ८० टक्क्यांनी मिळते. कामावर इजा झाली तर त्याच दिवशी नोंद करून घ्या.

तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील, एखादी कामवाली बाई किंवा ड्रायव्हर असला तरीही, त्यांना आजारपणाचे काही पगारी दिवस द्या. वारंवार खाडा होत असेल तर रागावण्याआधी कारण विचारा.

आणि घरात दहावीच्या आत शाळा सोडू पाहणारं मूल असेल, तर त्याला आणखी काही वर्षं शाळेत टिकवणं हाही तब्येतीचाच विचार आहे. त्याचा उपयोग त्याला पन्नाशीत कळेल.

सूतगिरणीतला तो कामगार मला नंतर कधी भेटला नाही. पण आता सर्टिफिकेट लिहिण्याआधी मी पेन खाली ठेवतो आणि रामाझ्झिनींचा प्रश्न विचारतो. पुढच्या वेळी तुम्ही आलात आणि गर्दीत माझ्याकडून तो राहिला, तर खुशाल आठवण करून द्या: "डॉक्टर, मी काम काय करतो ते विचारलंच नाहीत."